कॅसेटमध्ये न मावलेलं कडवं



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, त्यात गाण्याविषयी चार शब्द लिहा, असा कार्यकर्त्यांचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी गायक नाही, शाहीर तर नाहीच नाही. पंचवीस-तीस वर्षं ढोलकी वाजवली, तीही दुसऱ्याच्या मागे बसून. पण मागच्या जयंतीला मिरवणुकीत आमच्या वस्तीतल्या एका पोरानं मला विचारलं, "काका, प्रल्हाद शिंदे आपले ना? मग त्यांनी विठ्ठलाची गाणी कशाला म्हटली?" बाजूला डीजेचा दणका चालू होता, मला काही नीट बोलता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या पोराला दिलेलं उत्तर समजा. ते सरळ नाही, थोडं लांबचं आहे.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करतो. बाबासाहेब म्हटलं की ग्रंथ, कायदा, चळवळ एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. त्यांना गाण्याचा कान होता हे फार लोक सांगत नाहीत. वडील रामजीबाबा कबीरपंथी, त्यामुळे घरात लहानपणापासून भजनं, दोहे. उतारवयात, दुखण्यांनी शरीर पोखरलेलं असताना त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतलं. ते व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीला जाऊन पाहिलंही असेल. आणि ५ डिसेंबर १९५६ ची ती रात्र. दिल्लीच्या २६, अलिपूर रोडच्या बंगल्यात त्यांचे सेवक-सचिव नानकचंद रत्तू सोबत होते. त्यांनी सांगितलेली आठवण आहे की बाबासाहेब डोळे मिटून त्रिशरण गुणगुणत होते, मग रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लावायला सांगितली आणि त्याबरोबर हळू आवाजात म्हणू लागले. झोपायला जाताना ओठांवर कबिराचं पद होतं. म्हणजे त्यांच्या शेवटच्या रात्रीच्या सोबतीत एक ध्वनिमुद्रित गाणं होतं. तबकडीतून येणारं गाणं खोटं आणि समोर बसून म्हटलेलं तेवढं खरं, असं म्हणणाऱ्यांना (मीही त्यातलाच होतो) मी ही आठवण सांगतो.

आपलं गाणं उभं राहिलं ते जलशातून. त्याआधी महात्मा फुल्यांच्या विचारांचे सत्यशोधक जलसे होतेच. पुढे १९३० नंतर नाशिक भागातून भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक १९७८ साली लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला एवढं तरी माहीत आहे. जलशानं साचा तमाशाचा घेतला. गण, गवळण, बतावणी, वग. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, झीलकरी तेच. बदललं ते आतलं. देवाच्या स्तवनाच्या जागी समाजाचं गाणं आलं, गवळणींच्या छेडाछेडीच्या जागी पाण्याचा, शाळेचा, वेठबिगारीचा सवाल आला. आता मला सांगा, त्या काळी कोणी म्हणालं असतं की हा साचा तर दुसऱ्याचा, यात आपलं काय, तर जलसा झालाच नसता.

पण साचा घेताना बाबासाहेबांची नजर कुठे होती तेही पाहा. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, ही गोष्ट नोंदलेली आहे. ते पैसे आपल्याच आयाबहिणींना फडात नाचवून आलेले होते. म्हणजे हरकत ढोलकीला नव्हती. त्या गाण्यापाठी कोणाची मान खाली जाते, याला होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपला हा पट्टा गाण्याला कधी नवखा नव्हता. १९२७ साली बदलापूरला शिवजयंतीचा उत्सव झाला त्याच्या अध्यक्षस्थानी खुद्द बाबासाहेब होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. कापडाच्या मिलपासून काडेपेटीपर्यंत कारखाने आले, सेंच्युरी रेयॉन आली, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी होतीच. त्या भोंग्यांच्या मागे आपली माणसं नाशिक, नगर, सोलापूर, जालना, कोकण अशी सगळीकडून आली आणि येताना गाठोड्यात गाणी घेऊन आली. सुभाष टेकडीवर एक गायन पार्टी, बुवापाड्यात दुसरी, बदलापूरला तिसरी. एप्रिल आणि मे महिन्यात आम्हाला घरी जेवायला फुरसत नसायची. सुपारी एकशे एक रुपये आणि चहा-भजी. पहिल्या पाळीचा भोंगा होईपर्यंत मुकाबला चालायचा.

लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा आमचा एक सिंधी दुकानदार होता, कॅम्प नंबर चारचा. तो कार्यक्रम संपेपर्यंत हलायचा नाही. एकदा पहाटे वायर गुंडाळताना म्हणाला, "भाऊ, हमारे यहाँ भी भगत ऐसे ही रातभर चलता था. मेरा बाप घुँघरू बाँधके गाता था. इधर आके सब दुकानदार हो गये." सिंधमध्ये भगत कंवरराम म्हणून फार मोठे गवय्ये होऊन गेले, १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनवर त्यांना गोळ्या घालून मारलं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्यांच्या तसबिरीला तो रोज अगरबत्ती लावायचा. घर गेलं, गाव गेलं, पण गाणं बरोबर आलं, हे त्याचं आणि आपलं सारखंच. फरक एवढाच, की आपल्याला कोणी छावणी दिली नाही.

आता कव्वालीचं घ्या. भीमगीतांत कव्वाली कुठून आली? मुंबईच्या मुसलमान कव्वालांकडून. खुद्द प्रल्हाद शिंदे सुरुवातीला इस्माईल आझाद या नामांकित कव्वालांच्या पार्टीत कोरसला होते. आणि चाली? अर्ध्याहून जास्त चाली सिनेमाच्या. वामनदादा कर्डकांसारखा महाकवी, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, मोठेपणी अक्षरं गिरवायला शिकलेला. त्यांनीसुद्धा लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेतल्या, कारण लोकांना त्या पाठ होत्या. शब्द नवे असले की चाल ओळखीची हवी, नाहीतर हजार माणूस मागे म्हणणार कसं? तिकडे अमेरिकेत याच्या नेमकं उलट झालं. रे चार्ल्स या अंध काळ्या गायकानं १९५४ साली चर्चमधल्या भजनाच्या चालीवर प्रेमाचं गाणं बसवलं आणि चर्चमधले लोक चिडले, आमचं पवित्र गाणं बाटवलं म्हणून. आपण बाजारातली चाल घेऊन विहारात आणली, त्यानं देवघरातली बाजारात नेली. चालीला जात नसते हो.

माझी स्वतःची आवड विचाराल तर मला श्रावण यशवंतेंची कव्वाली, विठ्ठल उमपांचा खडा आवाज आणि त्यांची हुकमी फेक आवडते. उमपांना मरणही कलावंताचं आलं, २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच. डीजे मला अजिबात सोसत नाही. माझ्या धाकट्या मुलाला डीजेच पाहिजे. आमच्या घरात यावरून ताट वाजायची वेळ येते. मी म्हणतो, त्यात शब्द ऐकू येत नाहीत. तो म्हणतो, पप्पा, शब्द आम्हाला पाठ आहेत, आम्हाला नाचायचंय. त्याचंही अगदीच चूक नाही, पण हे मी त्याच्या तोंडावर कबूल केलेलं नाही.

तर प्रल्हाददादा. जन्म १९३३, मंगळवेढ्याचे. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. ज्या चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभं राहावं लागलं त्यांच्या गावचा हा पोरगा, आणि त्याच्या आवाजाशिवाय आज पंढरीची वारी होत नाही. आषाढीला कुठल्याही रसवंतीवर, एसटी स्टँडवर, जीपमध्ये पंढरीच्या वाटेचं ते गाणं वाजतं, ते कोणाचं? आणि तोच गळा १४ एप्रिलला भीमाची गाणी गायचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात याची चर्चा होणारच. आमच्या पार्टीत तर यावरून दोन तट होते. एकजण म्हणायचा, कंपनीनं पैसे दिले, त्यानं गायलं, सुतार देव्हाराही करतो आणि पाळणाही करतो. दुसरा म्हणायचा, सुताराचं लाकूड वेगळं, गाणाऱ्याचा गळा वेगळा, तो कापून देता येत नाही.

मी तेव्हा दुसऱ्याच्या बाजूनं होतो. आता नाही. एक तर पोट. रेकॉर्ड आणि कॅसेट काढणाऱ्या कंपन्यांना खपणारा माल पाहिजे असायचा, विठ्ठल आणि गणपती खपायचे. भीमगीतांच्या मुकाबल्यांचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, उरलेलं वर्ष मुलांना काय घालायचं? पण पोटाच्या पलीकडेही काही आहे. ती गाणी मी पुष्कळ वेळा ऐकली आहेत. त्यांतला आर्त सूर शिकवून आलेला नाही, तो उंबऱ्याबाहेर उभं राहिलेल्या पिढ्यांचा आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला त्यांत नंदनार, रविदास यांच्यासोबत चोखामेळा आहेत. भक्तीनं जात गेली नाही हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं, तरी त्या माणसाला त्यांनी परकं केलं नाही. मग आपण प्रल्हाददादांना कोण परकं करणार? पुढे त्यांचे चिरंजीव आनंद-मिलिंद आले, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या पोपटाच्या गाण्यानं कॅसेटचा बाजार हलवला, आणि त्याच भावांनी भीमगीतंही घराघरात नेली.

मग खोटं काय असतं? ते मला कळलं त्याला एक प्रसंग कारण आहे, आणि त्यात मी स्वतः होतो.

आमच्या पार्टीचे कवी म्हणजे मामा. सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. पेटीच्या पुठ्ठ्याच्या वाया गेलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीनं गाणी लिहायचे. एकेक गाणं म्हणजे पुठ्ठ्याची चळत, वर रबर लावलेलं. शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे, 'तुका म्हणे', 'चोखा म्हणे' या रीतीनं. वामनदादाही तसंच करायचे, आपल्या सगळ्याच कवींची ती रीत. ती हौस नव्हे. आपल्या माणसाच्या नावावर सातबारा नसायचा, घराची पावती नसायची. गाण्याच्या शेवटी नाव, एवढाच त्याचा कागद.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा काळ, १९९० चा हिवाळा. त्या वर्षी भारतरत्न जाहीर झालं होतं, भीमगीतांच्या कॅसेटींना पूर आला होता. मुंबईच्या एका कंपनीनं आम्हाला बोलावलं. नाव सांगत नाही, ती कंपनी आता नाही. आम्ही लोकल पकडून पेटी, ढोलकी, बॅन्जो घेऊन गेलो. स्टेजवर मामांचं मुख्य गाणं वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. मध्ये शेर, मध्ये बतावणी, वन्स मोअर आला की कडवं पुन्हा. स्टुडिओत काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "मास्टर, एका बाजूला चार गाणी. सात मिनिटांच्या वर एक सेकंद नाही." ढोलकी मला वेगळ्या खोलीत बसून वाजवायची होती, गाणाऱ्याचं तोंडही दिसत नव्हतं. नजरेला नजर नाही तर सम कशी धरायची? तिसऱ्या वेळेला कसंबसं जमलं, पण गाणं आठ मिनिटांच्या वर गेलं. मग तो म्हणाला, "शेवटचं कडवं काढून टाका. त्यात फक्त नावच आहे."

मामा काही बोलले नाहीत. आमच्या गायकानं माझ्याकडे पाहिलं, मी ढोलकीची दोरी आवळत बसलो. कॅसेट निघणार होती, कव्हरवर पार्टीचं नाव येणार होतं, आम्हाला सगळ्यांना तेच पाहिजे होतं. कडवं काढलं. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर गायकाचा फोटो होता, कंपनीचा शिक्का होता, गीतकार म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. मामांना त्या गाण्याचे एकदाच मिळाले तेवढेच पैसे, आणि ते त्यांनी सगळ्यांना लोकलमध्ये वडापाव खाऊ घालण्यात संपवले. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा मोबदल्यातला वाटा कोणी लिहून घेऊन काढून घेऊ शकणार नाही असं झालं. मामा तोवर वारले होते.

ते गाणं चाललं. आजही चालतं. आपल्याच विहाराच्या कार्यक्रमात मुलींनी त्यावर नृत्य केलं, आणि निवेदन करणाऱ्या ताईंनी सांगितलं, "पारंपरिक भीमगीत." मी खुर्चीत बसलेलो होतो. पारंपरिक! ज्या माणसानं ते लिहिलं तो इथून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता.

महाडच्या वेळची ती गोष्ट मी वर सांगितली ती यासाठी. चाल कोणाची, वाद्यं कुठली, कॅसेट की स्टेज, गाण्यात देव आहे की नाही, यावरून आम्ही आयुष्यभर भांडलो. आणि आमच्या डोळ्यांसमोर आमच्या माणसाची मान खाली गेली तेव्हा एकही बोलला नाही.

ध्वनिमुद्रण म्हणजे असंच असावं लागतं असं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. त्यांत आपल्या आयाबहिणींनी भीमरायावर रचलेल्या शेकडो ओव्या आहेत. त्या कामात गाणारीचं नाव आहे, गाव आहे. जात्याची घरघर, मध्येच पोरगं रडलेलं, तेही काही टेपांत ऐकू येतं म्हणतात. घड्याळ लावून कोणी कडवं कापलं नाही. आता मोबाईल आला आहे. कडुबाई खरातांसारखी बाई एकतारी घेऊन घरात बसून गाते आणि लाखो लोक ऐकतात. तिला कोणी सात मिनिटांची अट घालत नाही.

मामांच्या स्टेजवरच्या गाण्याच्या टेपा माझ्याकडे होत्या, त्या सिंधी दुकानदारानं आपल्या टू-इन-वनवर भरून दिलेल्या. चौदा कॅसेट, पत्र्याच्या पेटीत, कॉटखाली. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदी आणि वालधुनी घरात शिरली तेव्हा आम्ही पोरंबाळं आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन माळ्यावर गेलो. पेटी राहिली खाली. तिसऱ्या दिवशी उघडली तर आत चिखल. फिती धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या, काही उपयोग झाला नाही. पुठ्ठ्यांची चळत मामांच्याच घरी होती, तीही त्याच पाण्यात गेली. त्याच्या वर्षभर आधी, २००४ साली, वामनदादा १५ मे ला गेले आणि प्रल्हाददादा २३ जून ला. चाळीस दिवसांत दोघं. त्या दोघांची गाणी कुठे ना कुठे राहिली. मामांचं ते कडवं कुठेच नव्हतं.

मला ते येत होतं, पण अर्धवट. वर्धापन दिनाला ते गाणं पुरतं म्हणायचं असं कार्यकर्त्यांनी ठरवलं तेव्हा मी दोन ओळी जुळवून दिल्या. मग कोणीतरी म्हणालं, मामींना विचारा. मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत, दिसत कमी आहे. त्या कधी स्टेजवर चढल्या नाहीत, मांडवाच्या कडेला बायकांत पोर मांडीवर घेऊन बसायच्या. विचारल्याबरोबर त्यांनी अख्खं कडवं म्हणून दाखवलं, चालीसकट. पोरींनी मोबाईलवर घेतलं. फक्त दुसऱ्या ओळीतला एक शब्द माझ्या आठवणीपेक्षा वेगळा आला. मी म्हटलं, मामी, तिथे हा शब्द नव्हता, मी शंभर वेळा वाजवलंय. त्या म्हणाल्या, "मास्टर, तुम्ही वाजवत होता. ऐकत मी होते."

मला अजूनही माझाच शब्द बरोबर वाटतो. पण यंदा पोरी मामींच्या पाठाप्रमाणे म्हणणार आहेत, तसं ठरलं आहे. मामांचं नाव मी इथे मुद्दाम छापलेलं नाही, ते शेवटच्या कडव्यात येईल तेव्हा ऐका. आणि ज्यांच्या घरी जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट असतील त्यांनी त्या फेकू नयेत, वर गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं नाव आणि साल लिहून विहारात आणून द्याव्यात. माळ्यावर ठेवू, खाली नाही.